मिटलेले ओठ

वगदीने शहीराचे ओठ तीन फ्रेम मागे सरकवले, आणि ते बरोबर जागेवर मिटले.

त्याने तेवढाच तुकडा पुन्हा चालवून पाहिला. गाण्यातला 'म' आला, पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले. 'म' सरला, ओठ उघडले. खरे तर ती दुसरेच गाणे म्हणत होती, दोन वर्षांपूर्वी, तांबड्या समुद्राकाठच्या ऐन सोखना गावी, भर वाऱ्यात. पण आता हे कुणाला कळण्यासारखे राहिले नव्हते. वगदीने खुर्चीत मागे रेलून डोळे चोळले. एकसष्टाव्या वर्षीही त्याला चष्मा नव्हता. आयुष्यात ज्या दोन-तीन गोष्टींमुळे त्याला स्वतःविषयी बरे वाटे, त्यांतली ही एक होती.

"हे कसं केलंत?" मागच्या सोफ्यावरून कंपनीच्या मालकाने, मुख्तारने विचारले.

"ओठ मिटायच्या जागा जुळवल्या की झालं. ब आला, म आला, की मिटायला हवेत. बाकीचं बघणाऱ्याचे कान सांभाळून घेतात."

"आणि हे? इथं तर शब्द केवढा लांबलाय."

"तिथं ती केस मागं सारते. हात तोंडावरून जातो. मग समुद्र."

"समुद्र!" मुख्तार मांडीवर थाप मारून हसला. "वा, शिंपीबुवा! कापड कमी पडलं की समुद्राचं ठिगळ."

कैरोतल्या सगळ्या स्टुडिओंत वगदीला शिंपीच म्हणत. गायक शूटिंगच्या दिवशी ढेकर देत आला असो, नाचणाऱ्या मुली चार पावले मागे पडलेल्या असोत, कॅमेरा हललेला असो, वगदी कापून, जोडून, आत दुमडून असे काही शिवून देई की टाका दिसत नसे. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही चुकार फ्रेम सुटली नव्हती. अशी फ्रेम म्हणजे दोन शॉटच्या सांध्यात राहून गेलेला एखादा नकोसा क्षण, सेकंदाचा पंचविसावा भाग. नवशिक्यांच्या कामात त्या हमखास सापडत. वगदी कधी कुणाला रागावत नसे, पण शिकायला आलेल्यांच्या कामात अशी फ्रेम दिसली, तर तो काही न बोलता उठून बाहेर जाई, आणि तेवढे पुरे होई.

खोलीला खिडकी होती. एकोणीस वर्षांपूर्वी, अगुझा भागातला हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मुख्तारच्या वडिलांनी कंपनीसाठी घेतला, तेव्हा ती काळ्या फोमने बंद केली होती. फोमच्या पलीकडे नाईल आहे, हे वगदीला ठाऊक होते. पण जुन्या पत्त्यावरचे घर ठाऊक असावे तसे.

"ड्रेस निळा करा," मुख्तार म्हणाला. "लाल ड्रेसमधली शहीरा अख्ख्या देशानं पाहिलीय. समुद्र थोडा हिरवा. आणि कुणी विचारलंच, तर शूटिंग मार्चमध्ये झालं. मार्च. तसे कागद आहेत."

"मार्च," वगदी म्हणाला.

"शहीराला सध्या वेळ नाही. तिला आपण सरप्राइज देऊ. एकोणतीस तारखेला संध्याकाळी चॅनेलवर लागलं पाहिजे. तीसला नाही, एकोणतीसलाच."

वगदीने मान हलवली. एकोणतीसच का, हे त्याने विचारले नाही. न विचारणे ही त्याची जुनी सवय होती, आणि आपण न विचारल्यामुळे फार काही बिघडले असेल, असे त्याला आजवर वाटले नव्हते.

गुरुवारी दुपारी मुख्तार बाहेर जेवायला गेला होता. दाराची घंटा वाजली आणि उघडेपर्यंत वाजतच राहिली. दारात शहीरा उभी होती. घामाने डोक्यावरचा रुमाल कपाळाला चिकटलेला, हातात वगदीच्या घरचा स्टीलचा डबा.

"अम्मो, चार मजले त्या लिफ्टला शिव्या देत आले."

"लिफ्ट दुरुस्त झालीय, बेटा."

"म्हणजे शिव्या फुकट गेल्या."

ती वगदीला अम्मो, म्हणजे काका म्हणे. पहिल्या व्हिडिओच्या वेळी ती मन्सुराहून नुकतीच आली होती आणि या खोलीत रोज येऊन बसे. वगदीची बायको मार्सेल कोबीच्या पानांत भात भरून पाठवी, आणि ही मुलगी पडद्यावरचा आपला चेहरा बघवत नाही म्हणून डब्यात डोके घालून खात राही. शेवटचा डबा वर्षभर तिच्याकडेच राहिला होता. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून तिने त्यात जर्दाळू भरून आणले होते.

"मार्सेलकाकूला सांगा, थोडे पिचलेत. बसमध्ये एक बाई वर बसली."

आणि मग तिने पडद्याकडे पाहिले. वगदीने चित्र थांबवले नव्हते. आवाज तेवढा बंद केला होता. निळ्या ड्रेसमधली शहीरा हिरव्या समुद्रासमोर ओठ हलवीत होती.

"हे कुठलं?"

तिने स्वतःच पुढे होऊन आवाज वाढवला. ऐकले. पुन्हा मागे नेऊन ऐकले.

"हे गाणं मी रेकॉर्ड केलंय. कॅमेऱ्यासमोर कधीच म्हटलं नाही."

"आवाज तुझाच आहे."

"आवाज माझा. तोंडही माझं. दोघांची गाठ कुणी घालून दिली?"

वगदीने डब्यातला एक जर्दाळू उचलला आणि बोटांत फिरवत राहिला.

शहीरा सोफ्यावर बसली, मुख्तारच्याच जागी. ती रागावली असती तर बरे झाले असते. पण ती दमलेल्या माणसासारखी एकेक वाक्य खाली ठेवत गेली.

"करारात लिहिलंय, अम्मो. वर्षाला एक व्हिडिओ, त्याच वर्षी शूट केलेला. एक वर्ष चुकलं की करार आपोआप संपला. नाहीतर पुढची पाच वर्षं चालू. वर्ष तीस जूनला संपतंय. म्हणून मी वर्षभर कॅमेऱ्यासमोर उभी राहिले नाही. तो बोलावतो, मी आजारी पडते. आईला आजारी पाडलं. पायाला खोटं प्लास्टर घालून तीन आठवडे लंगडले, हे माहीत आहे तुम्हाला? आंघोळीला पिशवी बांधायची त्याच्यावर. आणि तुम्ही इथं एसीत बसून मला गायला लावलंत."

"मला माहीत नव्हतं."

"त्याच्या परवानगीशिवाय मला कुठं गाता येत नाही. तो स्वतः गाऊ देत नाही, दुसऱ्याकडेही नाही. त्याला दुसरी गाणारी मिळालीय ना आता, पण मला सोडलं आणि माझी गाणी दुसरीकडे चालली तर? भावाच्या लग्नात सगळे म्हणाले, गा. मी टाळ्या वाजवत बसले. सख्ख्या भावाच्या लग्नात."

वगदीने जर्दाळू परत डब्यात ठेवला. मग दुसरा उचलला.

"वकील आधीच म्हणाला होता, तो जुनंच काही नवं म्हणून लावेल; ते जुनं आहे असं कुणी लिहून दिलं तर करार गेला. कुणी म्हणजे कोण? कॅमेरावाला आखातात गेला. बाकीचे त्याच्याच पगारावर. राहिलात तुम्ही. द्याल लिहून?"

वगदीला कचेऱ्यांची, शिक्क्यांची, खिडकीपलीकडून नाव विचारणाऱ्या माणसांची लहानपणापासून भीती होती. मुख्तारसमोर, वकिलांसमोर उभे राहून 'होय, मी हे केले' म्हणणारा वगदी डोळ्यांसमोर आणायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. तो माणूस काही येईना.

"मार्सेलला विचारतो," तो म्हणाला.

शहीराने त्याच्याकडे पाहिले आणि हसली. वाईट वाटल्यावर ती अशीच हसते, हे त्याला पाठ होते. त्या हसण्याचे त्याने कितीतरी शॉट लावले होते.

"विचारा," ती उठत म्हणाली. दारापाशी पुन्हा वळली. "माझ्या त्या मन्सुराच्या चाहत्या पोरी आहेत ना, त्या एकेक फ्रेम थांबवून बघतात. कानातलं कुठलं घातलंय म्हणून. पण त्यांनाही यातलं काही सापडायचं नाही. तुमचं काम असंच असतं, अम्मो. देव हात राखो तुमचे."

हे ती कुत्सितपणे म्हणाली नाही.

त्याने मार्सेलला विचारले नाही. तिने काय सांगितले असते हे त्याला माहीत होते, आणि ते ऐकायची त्यालाच भीती वाटत होती.

शनिवारी मुख्तारने पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि तोंड वाकडे केले.

"हळू आहे. मयतीसारखा. इथं, हा ढोलाचा तुकडा येतो ना, इथं फाडा. अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा शॉट नको. मध्ये पांढरे फ्लॅश. आजकालच्या पोरांना समुद्र बघायला वेळ नाही, उस्ताद."

"शॉट निदान गाणाऱ्याच्या श्वासाएवढा तरी असावा, बाशा," वगदी म्हणाला. मुख्तारला तो बाशा, म्हणजे साहेब म्हणे.

"श्वास घरी घ्यावा माणसानं. तुम्ही फाडा."

वगदी फाडायला बसला. ढोलाच्या अठरा सेकंदांत चाळीस-एक शॉट बसवायचे होते. जुन्या चित्रीकरणातून तो तुकडे काढत गेला: वळणारी मान, पाण्यातले पाय, वाऱ्याने उडालेली बाही. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरलेली ती काळी-पांढरी पाटी होती, जिच्यावर गाण्याचे नाव, तारीख, शॉटचा नंबर खडूने लिहितात आणि जी खटकन आपटली की काम सुरू होते. पाटी कापायची हे वगदीला ठरवावे लागत नसे. भाजीचे देठ खुडावेत तसे त्याच्या बोटांनीच ते होऊन जाई.

सतरा नंबरच्या शॉटवर बोटे थांबली.

पाटी शहीराच्या तोंडासमोर आली होती. नाक, ओठ, हनुवटी सगळे झाकलेले. तिच्यावर दोन वर्षांपूर्वीच्या गाण्याचे नाव होते. खाली दिवस, महिना, साल. अक्षर स्वच्छ होते. आणि पाटीच्या वर फक्त तिचे डोळे होते, कुणीतरी 'सुरू' म्हणेल याची वाट बघणारे.

वगदीने ती एक फ्रेम उचलून दोन पांढऱ्या फ्लॅशच्या मध्ये ठेवली. चालवून पाहिले. काही दिसले नाही. मान, पाय, पांढरे, बाही, पांढरे. तो स्वतः जाणून बघत होता, तरी दिसले नाही.

त्याने ती काढून टाकली.

मोरीत जाऊन हात धुतले. खालच्या कॉफीवाल्याकडून चहा मागवला, पुदिना घातलेला, आणि तो निवेपर्यंत काळ्या फोमकडे बघत बसला. मग फ्रेम पुन्हा ठेवली. पुन्हा चालवून पाहिले. या वेळी काहीतरी खटकले. फ्रेम ढोलाच्या ठोक्याच्या किंचित आधी पडत होती. त्याने ती दोन घरे पुढे सरकवली. आता बरोबर ठोक्यावर बसली. तेवढे त्याला ढिसाळ ठेवता आले नाही.

मुख्तारने व्हिडिओ तीन वेळा पाहिला. ढोलाचा तुकडा आला की वगदी पडद्याकडे न बघता मुख्तारच्या चपलेकडे बघे. चप्पल ठेका धरून हलत होती. तिसऱ्या वेळी ती थांबली.

"इथं," मुख्तार म्हणाला. "बरोबर इथं काळीज हललं माझं. बघितलंत? मी म्हणत होतो ना, फाडा."

एकोणतीसला संध्याकाळी व्हिडिओ चॅनेलवर लागला आणि इंटरनेटवरही चढला.

तीसला सकाळी वगदी आला, तेव्हा मुख्तार त्याच्या खुर्चीत बसला होता. त्याने फोन पुढे केला. फोनवर पाटी होती, आणि पाटीच्या वर दोन डोळे. खाली मन्सुराच्या कुठल्याशा मुलीने लिहिले होते: कानातलं बघत होते, हे काय सापडलं? त्याखाली हजारो लोकांचे हसणे.

"हे काय आहे?"

"पाटी."

"पाटी आहे हे मला दिसतंय! सगळ्या इजिप्तला दिसतंय! ड्रेस निळा, तारीख दोन वर्षांपूर्वीची. सकाळी सात वाजता तिच्या वकिलाचा फोन. गुड मॉर्निंग म्हणाला मला, कुत्रा! आता काढून काय उपयोग? आज नवीन शूट करू? कुणाबरोबर?"

वगदी दाराशी उभाच होता. पिशवी अजून हातात होती.

"खरं सांगू?" मुख्तारचा आवाज खाली आला. "आधी मला वाटलं, तिनं तुला फितवलं. तासभर तेच डोक्यात होतं. मग माझं मलाच हसू आलं. वगदी? वगदीच्या पायावर कुणी पाय दिला तर वगदीच माफी मागतो. तुझ्यात तेवढी धमक असती, तर तू एकोणीस वर्षं या खोलीत बसला असतास?"

आजवर तो वगदीला तुम्ही म्हणत आला होता.

"डोळे," वगदी म्हणाला.

"काय?"

"डोळे गेले, बाशा. काही दिवसांपासून नीट दिसत नाही. सांगायची लाज वाटली."

मुख्तार त्याच्याकडे बघत राहिला. रागाच्या जागी हळूहळू दुसरेच काही आले, आणि ते रागापेक्षा सोसायला जड होते.

"म्हातारा झालास रे, शिंप्या," तो म्हणाला. "पाच वर्षं गेली माझी तुझ्या डोळ्यांपायी. हाकलून द्यायला हवं तुला. पण सगळा जुना माल तुलाच ठाऊक, दुसरा कुठून आणू? जा, डोळे तपासून घे. चष्मा लागल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही."

दुपारपर्यंत बातमी सगळ्या स्टुडिओंत पोचली. एकेकाळी ज्यांच्या कामातली चुकार फ्रेम बघून वगदी उठून गेला होता, त्यांतल्या दोघांनी त्याला फोन करून प्रकृतीची चौकशी केली. ती त्यांनी फार प्रेमाने केली.

संध्याकाळी शहीराचा फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि ती हसत होती की रडत होती हे कळत नव्हते.

"अम्मो! सुटले! वकील म्हणतो, ती पाटी पुरे, आता साक्ष नको, सही नको. उद्यापासून मी कुणाचीच नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय, बेटा."

"रागावू नका हं, पण तुमच्या म्हातारपणाला मी दुवा देतेय. तुमचं नाव खराब झालं, कळतंय मला. सगळे काय काय बोलतायत. पण तुमच्या हातून ती एवढी चूक झाली नसती तर… देवानंच केली, अम्मो. तुमच्या हातानं देवानं केली."

वगदीने तोंड उघडले. मार्सेल स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, त्याच्याकडे बघत.

त्याने तोंड मिटले.

"जर्दाळू गोड होते," मग तो म्हणाला. "मार्सेलनं मुरंबा केलाय. डबा भरून ठेवलाय तुझ्यासाठी."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी वगदीला तक्ता वाचायला लावला. त्याने शेवटची ओळ वाचली, आणि त्याखाली मुंग्यांएवढ्या अक्षरांत छापलेले छापखान्याचे नावही वाचले.

"काका, तुम्ही कशाला आलात?" डॉक्टरीणबाई हसल्या. "असे डोळे माझेसुद्धा नाहीत. चष्म्याची काही गरज नाही."

"द्या एखादा."

"अहो, पण नंबरच नाही."

"साधी काच चालेल." वगदीने खाली बघत टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "काडी जरा जाड द्या. लांबून दिसेल अशी."

चार दिवसांनी तो कामावर गेला. नाकावर नवे ओझे होते आणि कानांमागे दुखत होते. मुख्तारने सोफ्यावरून त्याला नीट न्याहाळले.

"आता दिसतंय का?"

"आता दिसतंय, बाशा."

"मग हे घ्या. नवीन मुलगी. टांटा गावची. परवा शूट झालंय, आणि करार पक्का केलाय, पहिल्यासारखा कच्चा नाही." तो पुन्हा तुम्ही म्हणू लागला होता. "ओठ जुळतायत का बघा. बावरते फार."

मुख्तार फोनवर बोलत बाहेर गेला. वगदीने पहिला शॉट उघडला. पाटी वर आली. तिच्यावर परवाची तारीख होती, आणि वर दोन डोळे, एकोणीस-वीस वर्षांचे, कुणीतरी 'सुरू' म्हणेल याची वाट बघणारे. वगदीने चष्मा नाकावर खाली ओढला आणि काचेच्या वरून ते डोळे पाहिले.

मग त्याने पाटी कापली. ती एवढीशी फ्रेम कचऱ्यात टाकली नाही. नवा फोल्डर उघडून, त्याला काही नाव न देता, त्यात ठेवून दिली, आणि मुलीचे ओठ जुळवायला घेतले.